मार्गदर्शन संपवावे कसे?

(संस्थेच्या कार्यकर्ता व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेत लिपिक आहे. कला शाखेची पदवी घेतली आणि गेली वीसेक वर्षे काउंटरच्या आत बसून काम करतो आहे. मी मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही आणि व्यवसायाने समुपदेशकही नाही. असे असताना मला बोलण्यास सांगितले गेले, याचे कारण एवढेच की, एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला सोबत घेऊन सहा महिने वैयक्तिक मार्गदर्शन करण्याचे काम मी काही वर्षांपासून सुटीच्या दिवशी करीत आलो आहे. या कामाची सुरुवात कशी करावी, यावर आपल्यात पुष्कळ बोलले जाते. मी आज त्याच्या शेवटाबद्दल बोलणार आहे. कारण माझ्या हातून झालेल्या मोठ्या चुका या शेवटच्या टप्प्यातच झालेल्या आहेत.

प्रथम मार्गदर्शन म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते सांगतो. आपल्याकडे 'कोचिंग' म्हटले की क्लास, नोट्स आणि फी डोळ्यांसमोर येते. मी म्हणतो ते वैयक्तिक कोचिंग वेगळे. येथे समोर एकच माणूस असतो. ध्येय त्याचे असते, निर्णय त्याचा असतो. मार्गदर्शकाने प्रश्न विचारायचे, ऐकायचे आणि ठरलेले काम झाले की नाही याची आठवण द्यायची. टिमोथी गॅलवे यांचे टेनिसवरचे पुस्तक १९७४ साली निघाले, जॉन व्हिटमोर यांचे 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' १९९२ साली. ध्येय काय, सध्याची स्थिती काय, मार्ग कोणते आणि त्यातले मी काय करणार, ही व्हिटमोर यांच्या पुस्तकातील चार पायऱ्यांची पद्धत पुढे जगभर पसरली.

'कोच' या शब्दाचीही एक गोष्ट आहे. हंगेरीत कोच नावाचे गाव आहे. तेथे बनणाऱ्या घोडागाडीला त्या गावाचे नाव पडले. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी, परीक्षेतून पार नेणाऱ्या शिक्षकाला गमतीने 'कोच' म्हणू लागले. म्हणजे कोच ही मुळात गाडी. गाडीचे काम माणसाला मुक्कामी पोचविण्याचे. मुक्काम आला की प्रवाशाने उतरायचे असते आणि गाडीवाल्याने त्याला उतरू द्यायचे असते. आजच्या भाषणाचा सारा आशय एवढाच आहे.

माझी पहिली चूक

काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे येत असे. घरातला पहिला पदवीधर. दिवसा एका खाजगी कार्यालयात नोकरी, डोक्यावर घरची जबाबदारी आणि मनात कायद्याचे शिक्षण घेण्याची इच्छा. आम्ही दर पंधरा दिवसांनी रविवारी भेटत होतो. त्याने प्रवेश परीक्षा दिली, सायंकाळच्या विधी महाविद्यालयात प्रवेश मिळविला, घरच्यांची समजूतही स्वतःच घातली. मला त्याचा अभिमान वाटत होता.

त्याच सुमारास माझी बदली दुसऱ्या तालुक्यातील शाखेत झाली. सामानाची बांधाबांध, मुलांची शाळा, घरभाडे या धावपळीत मी त्याला एका चहाच्या टपरीवर भेटलो. पाच मिनिटे. "काही लागलं तर फोन कर," एवढे बोलून निघालो. मला वाटले, आपले काम झाले.

त्याने फोन केला नाही. सुमारे आठ महिन्यांनी एका लग्नात त्याची आई भेटली. म्हणाली, "भाऊ, त्यानं कॉलेज सोडलं." पहिल्या सत्रात त्याचे दोन विषय राहिले होते. त्याने कोणालाच सांगितले नाही आणि जाणेच बंद केले. मी त्याच रविवारी त्याला जाऊन भेटलो. तो खाली मान घालून जे बोलला ते मी आजही विसरलेलो नाही. तो म्हणाला, "सर, तुम्ही असे अचानक गेलात, तेव्हा मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मग नापास झाल्यावर तोंड कसं दाखवायचं?"

मित्रांनो, दोन विषय राहणे ही काही मोठी गोष्ट नाही. पुढच्या सत्रात ते सोडविता येतात. मुलगा हुशार होता, कष्टाळू होता. कमी पडलो तो मी. नापास झाल्यास काय करायचे, हे आम्ही कधी बोललोच नव्हतो. आणि मी जाणार आहे, हे त्याला टपरीवर उभ्या उभ्या कळले.

खाते बंद करण्याची रीत

बँकेत रोज पाहतो ते सांगतो. खाते उघडण्याची सर्वांना घाई असते. बंद करायला मात्र फार थोडे लोक येतात. बाकीचे तसेच सोडून देतात. दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहार केला नाही तर ते खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली सुरू केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. पैसा बुडत नाही, मागणी करून तो परत मिळतो. पण कित्येकांच्या वारसांना असे खाते होते हेच ठाऊक नसते.

याउलट रीतसर खाते बंद करणारा ग्राहक काय करतो? अर्ज देतो. पासबुक भरून घेतो. न वापरलेले धनादेश परत करतो. त्या खात्यातून परस्पर जाणारे विमा-विजेचे हप्ते आधी दुसऱ्या खात्याला जोडतो. आजवरचे व्याज आणि शिल्लक घेतो. मग सही.

वैयक्तिक मार्गदर्शनही असेच रीतसर बंद व्हावे. मिळविलेले काय ते नोंदले जावे, माझ्यावर अवलंबून असलेले हप्ते दुसरीकडे जोडले जावेत आणि शिल्लक ज्याची त्याच्या हाती पडावी. मी त्या तरुणाच्या बाबतीत खाते बंद केले नाही. काउंटर सोडून निघून गेलो.

जाणत्यांनी काय सांगितले

या घटनेनंतर मी थोडे वाचन केले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या १९४२ सालच्या समुपदेशनावरील ग्रंथात शेवटच्या टप्प्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. समुपदेशनाच्या प्रवासाच्या त्यांनी बारा पायऱ्या सांगितल्या. बारावी पायरी अशी की, मदतीची गरज कमी झाल्याचे त्या व्यक्तीलाच जाणवू लागते आणि हे नाते आता संपले पाहिजे हे तीच ओळखते. पुष्कळदा ती 'तुमचा फार वेळ घेतला' अशी माफीही मागते. अशा वेळी तिला जायला भाग पाडू नये आणि धरूनही ठेवू नये, असे रॉजर्स यांचे म्हणणे आहे.

वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघांनी १९७६ साली शिकणाऱ्याला मिळणाऱ्या मदतीला इमारतीच्या परांचीची उपमा दिली. आपल्यातील अनेकांच्या वडिलांनी आणि आजोबांनी परांचीवर उभे राहून कामे केली आहेत. त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. परांची बांधावी लागते, पण भिंत पक्की झाली की ती उतरवावीही लागते. आणि उतरविताना एकदम ओढून काढत नाहीत. एकेक बांबू सोडतात.

तर हे बांबू कसे सोडावेत, याविषयी मी आज ज्या पद्धतीने काम करतो ती क्रमाने सांगतो.

शेवटच्या टप्प्याची कामे

पहिली गोष्ट, शेवटाची तारीख पहिल्याच दिवशी सांगावी. मी आता बारा भेटी ठरवितो आणि पहिल्या भेटीतच सांगतो की बारावी भेट शेवटची. जेम्स मान या मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ साली मांडलेल्या उपचारपद्धतीतही बाराच बैठका होत्या आणि शेवटची बैठक कधी हे सुरुवातीलाच सांगितले जाई. आठव्या भेटीला मी आठवण देतो, "आता चार राहिल्या." शेवट माहीत असला म्हणजे माणूस महत्त्वाचा विषय मागे ठेवत नाही.

दुसरी गोष्ट, भेटींमधले अंतर वाढवावे. पहिल्या आठ भेटी पंधरा दिवसांनी, पुढच्या दोन तीन आठवड्यांनी आणि शेवटच्या दोन महिन्याने. मधल्या काळात त्याने निर्णय स्वतः घ्यावा आणि पुढच्या भेटीत फक्त सांगावे. "काय करू?" हा प्रश्न "मी असे केले" या वाक्यात बदलला, म्हणजे शेवट जवळ आला असे समजावे.

तिसरी गोष्ट, हिशेब मांडावा. दहाव्या भेटीत मी वही उघडतो. पहिल्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले ध्येय त्याच्यासमोर ठेवतो. मग विचारतो, शून्य ते दहा या मोजपट्टीवर त्या दिवशी तू कोठे होतास आणि आज कोठे आहेस? ही मोजपट्टी अमेरिकेतील स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांच्या कामातून प्रसिद्ध झाली. एखादा म्हणतो, "तेव्हा तीन, आता सहा." येथे बहुतेक कार्यकर्ते चुकतात. ते विचारतात, दहा का नाही? असे विचारू नये. विचारावे की, तिनाचे सहा कसे झाले? तू नेमके काय केलेस? आणि उत्तर त्यालाच लिहू द्यावे. "सरांमुळे झाले" असे त्याने लिहिले तर ते मान्य करू नये. सर पंधरा दिवसांतून एक तास होते. बाकीचे सारे दिवस तो एकटाच झगडत होता. पहाटे उठून अभ्यास कोणी केला? वडिलांसमोर बोलण्याचे धाडस कोणी केले? हे श्रेय ज्याचे त्याच्या खात्यावर जमा झाले पाहिजे. आपल्या मुलांना दुसऱ्याचे उपकार मोजायला लवकर शिकविले जाते. स्वतःचे कर्तृत्व मोजायला कोणी शिकवीत नाही.

चौथी गोष्ट, पडण्याची तयारी. माझ्या पहिल्या चुकीने मला हीच शिकवण दिली. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ॲलन मार्लट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली एक महत्त्वाचा भेद मांडला. एकदा पाय घसरणे वेगळे आणि पुन्हा जुन्या गर्तेत जाऊन पडणे वेगळे. एकदा घसरलेला माणूस 'आता सगळेच संपले' असे मानतो आणि म्हणून पुढे पूर्ण कोसळतो. अभ्यासाचे, नोकरीचे, बचतीचेही तसेच आहे. म्हणून अकराव्या भेटीत आम्ही दोघे मिळून एक कागद लिहितो. माझे काम बिघडू लागले आहे हे मला कशावरून कळेल? पहिल्या आठवड्यात मी कोणते एक छोटे काम करीन? कोणाला सांगेन? एवढे तीन प्रश्न. तो कागद त्याच्याकडेच राहतो.

पाचवी गोष्ट, हप्ते दुसरीकडे जोडणे. माझ्यामुळे त्याला काय मिळत होते याची यादी करावी. अर्ज तपासून देणे, धीर देणे, शिस्त लावणे. यातले प्रत्येक काम आता कोण करील? एखादा वर्गमित्र, ग्रंथालयातील सोबती, मोठी बहीण, पूर्वी या योजनेतून गेलेला विद्यार्थी. आणि यातले काय तो स्वतः करील? एका माणसाच्या जागी तीन-चार माणसे उभी राहिली म्हणजे एकाच्या बदलीने कोणाचे कॉलेज सुटत नाही.

सहावी गोष्ट, शेवटची भेट. ती टपरीवर उरकू नये. नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, पूर्ण तासाची घ्यावी. त्या दिवशी नवा विषय काढू नये. बरेचदा तोच एखादी नवी अडचण घेऊन येतो. ती खरीही असते. पण पुष्कळदा तिच्यामागे निरोपाची भीती असते. मी तेव्हा विचारतो, "या अडचणीत तू आधी काय करशील?" बहुधा त्याच्याकडे उत्तर तयार असते. ते ऐकून त्याचे त्यालाच आश्चर्य वाटते. त्यानंतर मी माझे सांगतो, मी त्याच्याकडून काय शिकलो ते. आणि त्याला विचारतो, मी कोठे चुकलो? भेटवस्तू घेत नाही. आईने केलेला एखादा खाऊ आणला तर दोघे मिळून खातो. त्याच्या खाजगी गोष्टींची माझ्याकडील टिपणे त्याच्यासमोर त्याच्या हाती देतो किंवा फाडून टाकतो.

सातवी गोष्ट, तीन महिन्यांनी एकच भेट. तारीख आधीच ठरलेली. ही मदतीची भेट नव्हे, खुशालीची. ती ठरलेली असल्यामुळे नापास झालेल्यालाही तोंड दाखवायला जागा राहते.

माझी दुसरी चूक

पहिल्या चुकीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. एका मुलीचे मार्गदर्शन मी दोन वर्षे संपविलेच नाही. तिला चांगली नोकरी लागली होती. तरीही रोज फोन येई. "काका, साहेबांना रजेचं कसं सांगू?" "काका, कोणता मोबाईल घेऊ?" मी उत्साहाने उत्तरे देत असे. एका रात्री जेवण टाकून मी फोनवर बोलत बसलो तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तिला तुमची गरज आहे की तुम्हाला तिची?"

मला राग आला. रात्रभर विचार केला तेव्हा कळले की त्या खरे बोलल्या. काउंटरवर मला दिवसभर कोणी 'तुम्ही नसता तर काय झाले असते' असे म्हणत नाही. ती म्हणत होती. ते ऐकायची मला चटक लागली होती आणि त्यापायी मी एका कर्तबगार मुलीला परावलंबी करीत होतो. कार्यकर्ते बंधूंनो, निरोप लांबतो तेव्हा समोरच्याची भीती तपासा. पण त्याआधी स्वतःची भूक तपासा. नंतर मी तिच्याशी मोकळेपणाने बोललो आणि आम्ही चार भेटी ठरवून काम संपविले. सुरुवातीला ती दुखावली. आज तीच दोन मुलींना मार्गदर्शन करते.

केव्हा थांबू नये

एक सावधगिरी सांगतो. बारा भेटी झाल्या म्हणून आंधळेपणाने वही मिटू नये. माणूस झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर तेथे आपल्यासारख्यांचे मार्गदर्शन अपुरे पडते. त्याला तज्ज्ञ डॉक्टरांकडे स्वतः सोबत घेऊन जावे. केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. योग्य हाती सोपविणे म्हणजे सोडून देणे नव्हे. मात्र सोपविल्यानंतरही पोचला की नाही, हे पाहिले पाहिजे.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, शेवट करण्याचा अधिकार तुम्हालाही आहे. "सर, आता मी माझे पाहीन," असे म्हणणे हा कृतघ्नपणा नाही. चांगल्या मार्गदर्शकाला याहून मोठी गुरुदक्षिणा नाही. आणि मार्गदर्शक अचानक दिसेनासा झाला, तर दोष स्वतःकडे घेऊन गप्प बसू नका. जाऊन विचारा. चूक बहुधा त्याची असते, जशी माझी होती.

मज्झिम निकायातील तराफ्याचा दृष्टांत आपण सर्वांनी ऐकलेला आहे. तराफा पैलतीरी जाण्यासाठी असतो, डोक्यावर घेऊन फिरण्यासाठी नव्हे. धम्माबाबत जे सांगितले गेले, ते आपल्यासारख्या साध्या मार्गदर्शकांना किती अधिक लागू पडते, याचा आपण विचार करावा.

शेवटी त्या तरुणाविषयी. आम्ही दोघांनी पुन्हा चार भेटी ठरविल्या. या वेळी शेवटाची तारीख पहिल्या दिवशीच वहीत लिहिली. त्याने राहिलेले विषय सोडविले. कायद्याची पदवी घेण्यास त्याला इतरांपेक्षा दोन वर्षे जास्त लागली. ती दोन वर्षे माझ्या पाच मिनिटांच्या निरोपाची किंमत होती, असे मी मानतो. शेवटच्या भेटीनंतर तो दारापर्यंत गेला, वळला आणि म्हणाला, "सर, आता काही लागलं तर मी आधी कागद बघीन." मला बरे वाटले आणि थोडे वाईटही वाटले. दोन्ही वाटणे योग्यच होते.